पंचवीस माणसांचं लग्न

वऱ्हाडात लग्न लहान करायचं असेल तर सरकारी आदेश लागतो. नुसत्या इच्छेवर ते होत नाही.

इच्छा आम्हा दोघांचीही होती. मी रिसोडचा, ती कारंजा लाडची. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपल्यावर "पोरापोरीले बोलू द्या" असं मोठ्या मनानं ठरलं आणि आम्हाला गच्चीवर धाडण्यात आलं. राखण करायला तिचा भाचा. गच्चीभर कुरडया वाळत घातलेल्या, पाऊल ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, "मला लग्न चार माणसांत करायचंय, नोंदणी पद्धतीनं. कबूल असेल तर खाली जाऊन हो म्हणा." मी एका पायावर तयार झालो. दुसरा टेकवायला जागाच नव्हती.

खाली बाबा गरजले, "कोर्टात? काहून? आपल्यावर काई केस हाय का?" मी १९५४चा विशेष विवाह कायदा समजावून सांगितला. तीस दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, संपलं. "तीन?" आई म्हणाली, "अन् बाकीचे काय बसस्टँडवर थांबतीन?" नोटिशीवर कुणालाही हरकत घेता येते हे कळल्यावर तेवढे मोठे काका खुलले. वास्तविक आमच्या घराण्यात हरकत घ्यायला नोटीस लागत नाही.

चार माणसांचा विषय तिथंच मिटला. साक्षगंध झालं, याद्या झाल्या, २०२१च्या एप्रिलअखेरचा मुहूर्त निघाला. हजार पत्रिका छापल्या. पहिली वाशिमच्या बालाजीला, बाकीच्या मानपानाच्या उतरंडीनं. तालुक्यातला एकही पुढारी सुटला नाही.

आणि मुहूर्त तोंडावर आला असताना, २१ एप्रिलला, कोरोनासाठीचा 'ब्रेक द चेन'चा नवा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून लग्नाला जास्तीत जास्त पंचवीस माणसं, एकच हॉल, दोन तास. नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. बाबांनी तो मोबाइलवर तीनदा वाचला. दंड भरून सगळ्यांना बोलावणं किती महाग पडेल, याचा हिशेबही त्यांनी पत्रिकेच्या पाकिटावर करून पाहिला. पण ते दिवस वाईट होते, रोज कुणाची तरी बातमी येत होती. बाबांनी पाकीट फाडून टाकलं.

मग यादी. बायको निवडायला मला गच्चीवरची काही मिनिटं पुरली होती, पंचवीस माणसं निवडायला घर रात्रभर जागलं. दोन्हीकडचे आईबाप, नवरा-नवरी, भटजी, फोटोवाला, आचारी. हे धरायचे की नाही? "आचारी मागच्या दारानं येईन, तो माणसात नाई," असं काकांचं मत पडलं. तिला मामा तीन आणि अंतरपाटाजवळ जागा एका मामाची. थोरल्याला मान म्हणून बोलवावं तर धाकटा रुसणार, मधला आधीच रुसलेला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. निघाला मधलाच, आणि आता कशावर रुसावं हे त्याला कळेना.

पुढचं काम माझ्याकडे आलं. ज्यांना आग्रहाचं निमंत्रण दिलं, त्यांना फोन करून आग्रहाची मनाई करायची. "येऊ नका बरं" हे वाक्य किती गोड आवाजात म्हणता येतं, ते मी त्या आठवड्यात शिकलो. निमंत्रण परत घेतलं नाही ते एका बालाजीचं. देवळं बंद असल्यामुळे तो तसाही कुठे जाऊ शकत नव्हता.

लग्न मात्र देखणं झालं. आमच्याकडे पत्रिकेवर ११ वाजून ३७ मिनिटं छापतात आणि लग्न दोनला लागतं, कारण वरात मारुतीपुढं नाचत असते. या वेळी वरातच नव्हती. आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला पुढारी नव्हते, सत्काराच्या शाली नव्हत्या, हौशी काकूंनी रचलेली मंगलाष्टकं नव्हती. भटजींनी घड्याळाकडे बघत सावधान म्हटलं. अंतरपाट दूर झाला, पण दोघांच्या तोंडावर मास्क. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, तीही गरम. वऱ्हाडी लग्नात नवरदेवाच्या ताटात गरम बट्टी पडल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

एवढं सुरळीत लग्न आमच्या खानदानात आधी झालं नव्हतं, हे बाबासुद्धा मान्य करतात. फक्त न बोलावलेल्यांची उधारी राहिली आहे. ती आता धाकट्या भावाच्या लग्नात फेडायची ठरली आहे. पत्रिका छापायला गेल्या आहेत, या वेळी दोन हजार. आदेश वगैरे काही नाही, तेव्हा आपणही सहकुटुंब, सहपरिवार यायचं करावं.