तेराव्याला तूच वाचलं होतंस

ती. दादास,

पुढे ‘साष्टांग नमस्कार’ लिहायला या वेळी हात वळत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. पत्र उघडं लिहिते आहे. बंद पाकिटातल्या कागदांचं आपल्या घरात काय होतं, ते कळलंय.

बाबांच्या तेराव्याला इंदूरच्या पलासियातल्या घरात, पुढच्या खोलीत, त्यांचं मृत्युपत्र चष्मा लावून तूच मोठ्याने वाचलंस. दोन पानं, निळ्या शाईतली सही, खाली दोन साक्षीदार. घर संपूर्ण आईचं, एक्झिक्युटर म्हणून माझं नाव. ऐकायला अकरा माणसं होती. मग पाकीट कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवलंस आणि किल्ली सांभाळायला घेतलीस. महिन्याभराने कप्पा उघडला तर एफडीच्या पावत्या होत्या, आईच्या पाटल्या होत्या, जुनं राशनकार्डही होतं. पाकीट तेवढं नव्हतं. सोन्याला हात न लावता दोन कागद नेणारा चोर इंदुरात कधी ऐकला नव्हता!

त्यावर तू म्हणालास, “बाबांनीच फाडलं असेल.” तेरावा झालेल्या माणसाने कागद फाडला, हे आईच्या तोंडावर बोलताना तुझी जीभ अडखळली नाही.

एवढी मेहनत घेतलीस, तर आधी एखाद्या वकिलाला विचारायचंस. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम २३७. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे ते हरवलं, किंवा दुसऱ्या कुणाच्या गैरकृत्याने नष्ट झालं आणि नक्कल शिल्लक असली, तर नकलेवर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, मिळतं. नक्कलही नसेल तर कलम २३८ प्रमाणे मजकूर साक्षीपुराव्याने सिद्ध करता येतो. मूळ कागद मयताच्याच ताब्यात होता आणि तो गेल्यावर मिळालाच नाही, तर त्यानेच रद्द केला असावा, असं कोर्ट धरून चालू शकतं. तुझी सगळी भिस्त त्यावर. पण तेराव्याला वाचून दाखवून तूच ती मोडलीस. झेरॉक्स माझ्याकडे आहे, बाबांनी स्वतः दिलेली.

नक्कलही नसताना काय झालं, तेही ऐक. इंग्लंडचे माजी लॉर्ड चान्सलर लॉर्ड सेंट लेनर्ड्स १८७५ साली वारले. मालमत्तेच्या कायद्यावर पुस्तकं लिहिणारा माणूस. पेटीत पुरवण्या सापडल्या, मृत्युपत्र नाही, नक्कलही नाही. त्यांच्या मुलीने, शार्लटने, मजकूर आठवणीने सांगितला आणि १८७६ मध्ये कोर्टाने तो मानला. माझ्याकडे तर कागद आहे.

तरी तू घाव घातलास तो खोल आहे. दोन साक्षीदारांपैकी डॉक्टरकाका गेले. उरले शेजारचे काका, वय ८४. मूळ सही समोर नाही, म्हणून सगळा भार त्यांच्या जबानीवर. तू हरकत घेतलीस की प्रोबेटच्या अर्जाचा दावा होणार, तारखा पडणार, आणि त्या गुडघ्यांनी काकांनी कोर्टाचे जिने चढायचे. परवा मी गेले तेव्हा त्यांनी झेरॉक्सवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. म्हणाले, “माझीच. पेन अडकलं होतं, म्हणून ‘र’ तुटलाय. तुझे बाबा म्हणाले, राहू दे, ओळख पटेल.”

कशासाठी केलंस, तेही कळतं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, तू आणि मी, प्रत्येकी एक तृतीयांश. तेवढ्या हिश्शावर वाटणी मागायची, बिल्डर आणायचा, घराच्या जागी मल्टी उभी करायची. त्या कागदाने माझाही हिस्सा जातो, दादा. जाऊ दे. आईला म्हातारपणी कुणाच्या दारात पिशवी घेऊन उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी बाबांनी ती दोन पानं लिहिली होती.

मृत्युपत्र लबाडीने नष्ट करणं किंवा लपवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४३ खाली गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप. आई मला तक्रार करू देत नाही. “त्याला पोलिसांत नको,” एवढंच म्हणते आणि पदराने डोळे पुसते.

कलम २३७ चं प्रोबेट मूळ कागद हजर होईपर्यंतच चालतं, म्हणजे परत करायला अजून वाव आहे. आई दुपारी दोन ते चार झोपते, पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं. पाकीट चोरकप्प्यात ठेव आणि किल्ली पाटल्यांजवळ.

तुझी,
धाकटी