जपानी शाळेत शिकवायला निघालेल्यांसाठी प्राथमिक सूचना

कुठल्याही विषयाची पदवी आणि बरे इंग्रजी एवढ्या भांडवलावर जपानच्या प्राथमिक शाळेत शिकवायला जाता येते. जेट नावाची सरकारी योजना १९८७ पासून देशोदेशीच्या पदवीधरांना तिकडे नेत आहे, शिवाय शाळांना माणसे पुरवणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत. तुमचे पद 'असिस्टंट लँग्वेज टीचर' असे असेल. वर्ग मात्र वर्गशिक्षिकेचा. त्यांनी खूण केली की तुम्ही 'पेंग्विन' म्हणायचे, मुले 'पेंग्विन' म्हणतील, पुन्हा खूण, पुन्हा पेंग्विन. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाकाठी ३५ तास इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, त्यामुळे पेंग्विनला इतक्यात मरण नाही.

दारात चप्पल काढणे आपल्याला नवे नाही, म्हणून मराठी माणूस इथे हमखास गाफील राहतो. बाहेरचे बूट दारातल्या कपाटात, आत वेगळे मऊ बूट, व्यायामशाळेत आणखी वेगळे, आणि स्वच्छतागृहाच्या सपाता फक्त स्वच्छतागृहापुरत्या. त्या सपाता पायात तशाच ठेवून तुम्ही वर्गात आलात, तर तिसरीतली एखादी मुलगी आधी तुमच्या पायांकडे बघेल, मग तोंडाकडे. ओरडणार नाही, हसणारही नाही. नुसते दाराकडे बोट दाखवेल. वाद न घालता जाऊन बदलून या. आणि पाय मोठे असतील तर आतले बूट घरूनच न्या. पाहुण्यांच्या सपातांत टाच बाहेरच राहते.

पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून द्यायची असते. ताजमहालाचे चित्र नेऊ नका, ते पाठ्यपुस्तकात आहे. घरच्या मांजराचे न्या. प्रश्न येतील : वय काय, लग्न झाले का, आवडता रंग कोणता, हत्तीवर बसून शाळेत जायचात का, रोज करी खाता का. आडनाव काळे असेल तर जास्त सावध राहा. 'ळ' त्यांच्याकडे नाही आणि करीला ते 'कारे' म्हणतात, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून तुम्ही करी सेन्सेई. एवढ्यात पहिलीतले कोणीतरी येऊन तुमच्या हातावरचे केस निरखू लागेल, एखादा ओढूनही बघेल. ओढू द्या.

मग गणित. भारतीय माणसाला १९ गुणिले १९ तोंडपाठ असते, अशी तिकडे पक्की समजूत आहे. तिथली मुले दुसरीत नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंत पाढे घोकतात आणि तुमच्याकडे जादूगाराकडे बघावे तशी बघतात. आपण लहानपणी तिसापर्यंत पाढे म्हटले, आजोबांनी तर पावकी-निमकीही म्हटली, पण आपला प्रत्येक पाढा दहावर थांबतो हे आपल्याला तिथे, फळ्यासमोर उभे राहिल्यावरच आठवते. उत्तर ३६१. विमानात पाठ करा.

मधल्या सुट्टीत पाठ भिंतीला लावून उभे राहायला शिका. दोन्ही हातांची बोटे जुळवून बेसावध मोठ्या माणसाच्या पार्श्वभागावर नेम धरण्याचा एक खेळ तिथल्या मुलग्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याबद्दल कुठलाही करारनामा तुम्हाला सांगणार नाही.

जेवण हा खरा तास. शाळेत जेवण देण्याची सुरुवात यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी १८८९ मध्ये, गरीब मुलांना भाताचे गोळे आणि खारवलेला मासा देऊन झाली. १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला. आज मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवून बघतात, काही बिघडलेले असेल तर आधी त्यांचे पोट बिघडावे म्हणून. हे पद मिळवण्याची घाई असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मग पांढरे झगे, टोप्या, मास्क घातलेली सात-आठ वर्षांची मुले भांडी ढकलत आणतात आणि वाढू लागतात. पंगतीत आग्रह करणारे आपण, पण इथला वाढपी ओगराळे सपाट करून प्रत्येकाला तेवढेच घालतो. तुम्हालाही. सगळ्यांच्या ताटात पडेपर्यंत कोणी चॉपस्टिकला हात लावत नाही. उरलेल्या दह्याचा किंवा पुडिंगचा निकाल दगड-कात्री-कागदावर लागतो आणि त्यात शिक्षक म्हणून तुम्हाला सवलत नाही. हरलात तर हरलात. मुद्दाम हरू नका, त्यांना ते लगेच कळते.

शाकाहारी असाल तर सुपात काय आहे ते विचारू नका, किंवा नोकरीच्या आधीच विचारा. वरून निव्वळ भाजीचे दिसते, पण त्याच्या तळाशी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. डबा न्यायची परवानगी मागितली तर मिळते, फक्त मग रोज सगळा वर्ग तुमची पोळी बघायला उठतो. २२ जानेवारीला तर सुट्टी घ्यावीशी वाटेल. १९८२ मध्ये त्या दिवशी देशभरच्या शाळांत एकदम करी ठेवली गेली, आणि तेव्हापासून तो करीचा दिवस मानतात. ती गोडसर, पिठाळ असते आणि तिच्यात मांस असते, पण वर्गातली सगळी तोंडे तुमच्याकडे वळलेली असतात. तिखट आहे का, असे विचारतील. फार तिखट आहे, असे सांगा.

जेवणानंतर शाळेत गाणे लागते आणि सगळे झाडायला, पुसायला लागतात. ओणवे होऊन, दोन्ही हातांनी फडके दाबून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचे असते. चाळिशी उलटलेल्यांनी खिडक्या मागून घ्याव्यात.

भूकंपाची तालीम अधूनमधून होते. सूचना ऐकू आली की मुले बाकाखाली गडप. तुम्ही मावणार नाही. डोके तरी आत घाला, ते दिसले की शेजारचे मूल समाधानाने मान डोलावते. मग ढकलायचे नाही, पळायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही, आणि मैदानावर ओळीने बसायचे. शेवटी मुख्याध्यापक किती मिनिटे लागली ते सांगतात. उशीर परदेशी शिक्षकामुळे झाला, हे ते बोलत नाहीत. मुले बोलतात.

शिक्षककक्षाबद्दल थोडक्यात. गावाहून परतताना खाऊ आणायचाच, आणि तो प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायचा. सुटी चिक्की फोडून कागदावर वाटाल तर कोणी हात लावणार नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या वेष्टनात हवा. शेंगदाणा आहे हे आधी सांगा आणि मुलांच्या जवळपास ती नेऊच नका, कारण ॲलर्जीचे नियम तिथे फार कडक आहेत.

'तिकडे पुढे काय?' असे घरून विचारतील. योगेंद्र पुराणिकांचे नाव सांगा. २०१९ मध्ये ते टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी पेंग्विनपासून सुरुवात केली नव्हती, एवढे सांगायची गरज नाही.

ऑगस्टात शाळा बंद असते, पण नेमणूक थेट नगरपालिकेची असेल तर तुमचा पगार बंद नसतो. शिक्षण मंडळाच्या कचेरीत एका टेबलाशी आठ तास बसायचे. काम नसते. जाड पुस्तक उघडे ठेवून मधूनमधून पान उलटत राहा. पाच वाजले तरी पहिले उठू नका, पण किती वेळ थांबायचे हे विचारायलाही जाऊ नका. तिथे अडचण एवढीच असते की तुमच्याकडे बघून दाराकडे बोट दाखवायला आठ वर्षांचे कोणी नसते.