अर्धा तास थोरल्या पातीचा

देवासमध्ये टेनिस शिकवणाऱ्याने फी सांगण्याआधी गावाचा इतिहास वाचलेला बरा. एका सरांनी परवा आपला दर सांगितला: मूल एकटं आलं तर तासाचे ६००, दोघं जोडीने आली तर प्रत्येकी ४००. झालं! शेजारच्या दोन मराठी घरांत संस्थानी रक्त उसळलं.

"सहाशेचे निम्मे तीनशे. वरचे शंभर कसले?" एका घरातले आजोबा.

"काका, दोन मुलं म्हणजे दोन चुका सुधारायच्या," सर म्हणाले.

"पण तास तर एकच ना!"

आता हे कुणाला सांगायचं? १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना देवास मिळालं आणि पुढे एकाच गावात थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या. हद्द भर रस्त्यातून जायची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याआधीच्या भेटीतच त्याने नोंदवून ठेवलंय, की इथे दरबार दोन, फौजा दोन, पाणीपुरवठा दोन आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी दोन राजवाड्यांपुढे वेगवेगळ्या चाली वाजवणारे बँडही दोन. शिवाय टेनिस क्लब दोन! वाटून घेतलं की स्वस्त पडतं, हा समज देवासला तरी परवडलेला नाही.

खरं तर सरांचा हिशोब सरळ आहे. त्यांना सहाशेच्या जागी आठशे मिळतात, पालकाचे दोनशे वाचतात. मुलाला मात्र सरांची निम्मीच नजर मिळते, म्हणून दर उतरलेला. यापेक्षा रास्त भाव कुठला? पण भांडण भावाचं नव्हतंच. एका आईने मोबाइलवर घड्याळ लावून पाहिलं: "सर, त्याला बॅकहँडला अठरा मिनिटं दिलीत, आमच्याला अकरा." त्यावर दुसरी, "वहिनी, तुमच्याला बॅकहँड येतो तरी!"

मग कलमं निघाली. एक मूल तापाने आलं नाही, तर दुसऱ्याकडून ४०० घ्यायचे की ६००? आजारी मुलाच्या घरचे म्हणाले, आम्ही शून्य देणार. हजर मुलाच्या घरचे म्हणाले, आम्ही ४००च देणार, ताप आम्हाला थोडाच आलाय? सरांच्या त्या तासाचे दोनशे हद्दीवरच पडून राहिले. (दोन्ही पात्या १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या, हे सरकारी दप्तरात आहे. घरोघरी अजून कळवायचं राहिलंय.)

खरी गोम चेंडूंची. एक मारतो तेव्हा दुसरा कोर्टभर फिरून टोपलीत चेंडू वेचतो. धाकट्या घरचा नातू कागदावर टेनिस शिकतो. पण गेल्या महिन्यात त्याचं वाकणं तेवढं सुधारलं. त्याच्या आजीचं म्हणणं, वेचणाऱ्याच्या वेळेचे पैसे वजा करा. सर म्हणाले, वजा करतो, पण मग वेचायला माणूस ठेवावा लागेल, त्याची मजुरी दोघांत वाटू. 'वाटू' म्हटल्याबरोबर दोन्ही घरं उठली.

सुट्टीत धारच्या पवारांच्या गावचे पाहुणे आले होते. तिथे गादी एकच, त्यामुळे वाटणीची सवय नाही. त्यांनी मुलीसाठी पूर्ण तास घेतला आणि पूर्ण ६०० मोजले. त्या तासाचे चेंडू मात्र सर स्वतः वेचत होते.