आप्पांचं वेळापत्रक

आप्पांचा लेख तयारच असतो. डोक्यात. अडतं ते फक्त फेसबुकवर टाकण्यापाशी. रोज टाकावा तर लोक कंटाळतात, महिन्याने टाकावा तर विसरतात, हे ते जळगावात भेटेल त्याला रस्त्यात थांबवून सांगतात.

ऋतूंचाही त्यांचा अभ्यास दांडगा. "मे महिन्यात पारा ४५ला टेकला की दुपारी अख्खं गाव कूलरपुढे आडवं, हातात फोन. लेखकाची सुगी ती!" हिवाळा मात्र वाया. जो तो कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टीला. काड्यांवर भाजलेली वांगी सोलून काळे झालेले हात मोबाइलला कोण लावणार?

मध्यंतरी रविवार पक्का झाला होता. कारणही थोर. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. १८ रविवार, १८ अध्याय. "म्हणजे रविवारच!" आप्पांनी मांडीवर थाप मारली.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "तिथं लिहून घ्यायला साने गुरुजी होते. तुमचं कोण लिहिणार?"

मी बहिणाबाईंचं नाव काढून पाहिलं. याच जळगावात त्या १९५१ला गेल्या, आणि कवितांचं पुस्तक आलं १९५२ला. आप्पा गंभीर झाले. "तेवढं थांबायची माझी तयारी नाही."

धुळ्याचे साडू एकदाच बोलले, "आप्पा, पह्यले लिखा तं खरं!" तेव्हापासून धुळ्याला जाणं-येणं बंद आहे.

खरं तर आप्पा लिहितात, आणि झकास लिहितात. 'वाचकांस निवेदन: यापुढे लेख दर रविवारी.' 'दुरुस्ती: रविवारऐवजी गुरुवारी.' 'क्षमस्व: आता फक्त पौर्णिमेस.' ही निवेदनं कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही येतात. लोक चवीने वाचतात, अंगठे दाखवतात. लेखाची चौकशी कुणी करत नाही. माझ्या मते आप्पांचं अस्सल वाङ्मय तेच, पण हे त्यांना सांगायचं कुणी?

परवा आठवडाभर निवेदनच आलं नाही. दोघांनी काळजीने फोन केला, "आप्पा, तब्येत बरी ना?" आप्पा हरखले. वाचक वाट बघतोय! लगेच ग्रुपवर जाहीर झालं: 'लोकाग्रहास्तव यापुढे रोज, सकाळ-संध्याकाळ.'

त्याच रात्री ग्रुपच्या अ‍ॅडमिनने सेटिंग बदललं. आप्पा सकाळी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलेले दिसले.