प्रांत कोणताही चालेल

राज्यकर्त्याला आपल्या प्रांताची जाण असावी, हा समज आपल्याकडे अजून घट्ट मूळ धरून आहे. तो दूर व्हावा म्हणून प्रत्येक सुजाण नागरिकाने सर जेम्स फर्ग्युसन यांची कारकीर्द अभ्यासावी. पुण्याच्या कॉलेजामुळे नाव घरोघरी पोचले, कर्तृत्व मात्र उपेक्षित राहिले.

१८५४ साली क्रिमियात इंकरमनच्या लढाईत स्कॉटलंडमधील एअरशायरचे खासदार कामी आले. मतदारांनी रिकामी जागा भरली, ती त्याच लढाईत जखमी झालेल्या बावीस वर्षांच्या फर्ग्युसन यांना निवडून. उमेदवार अजून रणांगणावरच होता. मतदारसंघात हजर नसले तरी प्रतिनिधित्व अडत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे १८६९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया, १८७३ मध्ये न्यूझीलंड आणि १८८० मध्ये मुंबई इलाखा, असे तीन मुलूख त्यांच्या हाती सोपवले गेले. न्यूझीलंडला दीड वर्ष पुरले. तेवढ्यात तिथल्या लोकांची ओळख होत नाही, आणि ओळख नसली की निर्णय घेताना भीड पडत नाही.

मुंबईसाठी त्यांच्याकडे एक खास पात्रता होती. सातारा आणि नागपूरची राज्ये खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसींचे ते जावई. मराठी मुलखाशी त्यांचा घरोबा नव्हता, असे कोण म्हणेल?

त्यांच्याच अमदानीत कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांची देखभाल ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाकडे होती. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. वय अवघे वीस. पालकत्व सरकारने घेतले की काळजीचे कारण उरत नाही, याचा याहून खात्रीचा दाखला मिळणार नाही. महाराजांच्या छळाची ओरड करणाऱ्या टिळक-आगरकरांनी तर १८८२ मध्येच, कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीबद्दल, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. वृत्तपत्रे बोलतात तेव्हा कायदा झोपलेला नसतो, ही नागरिकांना केवढी आश्वासक गोष्ट!

तुरुंगातून सुटलेले हेच दोघे पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत होते, आणि १८८५ मध्ये सोसायटीने कॉलेज काढले ते गव्हर्नरसाहेबांच्या नावाने. शाळा-कॉलेज चालवायचे तर सरकारदरबारी वजन लागते, हे त्या व्यवहारी मंडळींना ठाऊक होते. राज्य असे असावे की त्याने ज्यांना दुखावले, त्यांनाच त्याचे नाव कमानीवर कोरावे लागावे. इतकी एकनिष्ठ प्रजा केवळ प्रेमाने मिळत नाही.

विलायतेत परतल्यावर ते मँचेस्टरचे खासदार झाले, परराष्ट्र खात्यात उपमंत्री झाले, शेवटी पोस्टमास्तर जनरलही झाले. साम्राज्य आणि टपाल एकाच हातांनी सांभाळता येते, हे यातून कळते. एकवीस वर्षांनी, १९०६ मध्ये, मँचेस्टरकरांची मती फिरली. त्यांनी फर्ग्युसनना पाडून जे. आर. क्लाइन्स यांना निवडले. हे क्लाइन्स दहाव्या वर्षापासून कापडगिरणीत राबलेले, म्हणजे गिरणीकामगारांचे जगणे आतून ओळखणारे. मताचा हक्क लोकांच्या हाती दिला की अशा चुका व्हायच्याच. मुंबई इलाख्यातील रयतेला मात्र अशी चूक करण्याची सोयच ठेवलेली नव्हती.