रिचार्ज मारायचा का?

घरातल्या टीव्हीसाठी दरमहा पैसे मोजत राहावे की नाही, हा प्रश्न पवनारमध्ये ‘रिचार्ज मारायचा का?’ या शब्दांत विचारला जातो. प्रश्न वरकरणी आर्थिक आहे. तो महिन्यातून एकदा, रात्री आठ-साडेआठच्या सुमारास उद्भवतो, पाच-दहा मिनिटे तावातावाने चर्चिला जातो आणि मालिकेचे शीर्षकगीत संपायच्या आत निकालात निघतो. निकाल बहुधा ठरलेलाच असतो. पुढच्या महिन्यात मात्र विषय जणू प्रथमच निघाल्यासारखा निघतो. मागच्या निकालाचा दाखला कोणी देत नाही.

पवनार हे वर्धा-नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी वसलेले गाव. शुल्कमाफीचा इथला इतिहास टीव्हीपेक्षा निदान पंधराशे वर्षांनी जुना आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. याच प्रवरपुराहून निघालेल्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला काय काय माफ, याची यादी आहे. राजाच्या माणसांना दूध आणि फुले द्यायची नाहीत, गाई-बैल द्यायचे नाहीत, कातडी आणि कोळसा पुरवायचा नाही, वेठबिगार करायची नाही, आणि शिपायांनीही गावात पाऊल टाकायचे नाही. यादी बारकाईने केलेली आहे आणि टीव्हीच्या सध्याच्या दरपत्रकापेक्षा समजायला पुष्कळ सोपी आहे. अर्थात ही माफी दान मिळालेल्या ब्राह्मणांना होती. खुद्द राजधानीत राहणाऱ्यांचे काय, याबद्दल तो ताम्रपट गप्प आहे.

प्रक्षेपण ऐकण्या-पाहण्याचे शुल्क इंग्रजी अमदानीत आले. 1927 च्या जुलैमध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईत रेडिओ केंद्र सुरू केले. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा. परवाने निघाले काही हजार, आणि 1930 मध्ये कंपनी बुडाली. ऐकणारे जास्त आणि भरणारे कमी, हा या देशातल्या प्रक्षेपणाचा पहिला धडा. सरकारने त्यावर 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा केला. त्याने विनापरवाना रेडिओ नुसता घरात बाळगणे हाही गुन्हा ठरला. पहिल्या खेपेला दंड शंभर रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास अडीचशेपर्यंत. कायद्याचा रोख ऐकण्यावर नव्हता, बाळगण्यावर होता. त्यामुळे ‘आमचा रेडिओ बिघडलेला आहे’ हा बचाव कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी होता. लोक तो करीतच, तो भाग वेगळा.

स्वातंत्र्यानंतर वसुली पोस्टाकडे राहिली. परवान्याचे एक पुस्तक असे. दरवर्षी पोस्टात जायचे, रांगेत उभे राहायचे, पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. सत्तरच्या दशकात रेडिओचे वर्षाला 15 रुपये आणि टीव्हीचे 50 रुपये पडत. या पुस्तकाला बोलण्यात ‘लायसन’ म्हणत. ते रेशन कार्डासोबत, लोखंडी पेटीत तळाला ठेवण्याची रीत होती. तपासनिसाला घरोघर, दुकानोदुकानी जाऊन पुस्तक पाहण्याचा आणि वेळ पडल्यास संच उचलून नेण्याचा अधिकार होता. तो गावात शिरल्याची बातमी त्याच्या सायकलीपेक्षा वेगाने पसरे. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टर कापसाच्या गंजीत, नाहीतर ज्वारीच्या कोठीत पोचलेला असे. या खात्यात प्रामाणिकपणा संचाच्या आकारावर अवलंबून होता. मोठ्या, लाकडी खोक्याच्या रेडिओचे मालक नियमाने पैसे भरीत, कारण तो लपवणे शक्य नव्हते.

टीव्हीच्या बाबतीत तर लपवालपवीचा प्रश्नच नव्हता. दूरदर्शन 1959 मध्ये दिल्लीत आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत आले. पुढे विदर्भातल्या खेड्यांपर्यंत ते पोचले तेव्हा ज्याच्या घरी संच होता त्याच्या छपरावर दहा-पंधरा फुटांचा अँटेना उभा राहिला. रविवारच्या चित्रपटाला अर्धी आळी त्याच घरात बसलेली असे. तपासनिसाला पत्ता विचारायची गरज नव्हती. चपलांचा ढीग कोणत्या दारापुढे आहे तेवढे पाहिले की पुरे. पन्नास रुपये एकाने भरायचे आणि पाहायचे चाळीस जणांनी, अशी ती रचना होती. तिच्याबद्दल तक्रार केली ती फक्त घरच्या बाईने, कारण त्या चाळीस जणांना पाणी तीच देत होती.

खर्चातून सुटण्याचा सर्वांत मूलगामी मार्ग याच गावात शोधला गेला होता, हे इथे नोंदवणे भाग आहे. विनोबा भावे 1938 मध्ये प्रकृतीच्या कारणाने पवनारला आले आणि परंधाम आश्रम उभा राहिला. भूदान यात्रेला निघण्यापूर्वी त्यांनी इथे कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशावाचून जगायचे, स्वतः पिकवायचे, स्वतः कातायचे. विहिरीचा रहाटसुद्धा बैलांऐवजी माणसांनी फिरवायचा. ज्याच्याकडे पैसाच नाही त्याला रिचार्ज कोण मागणार? उपाय बिनतोड आहे. त्यासाठी पहाटे उठावे लागते, एवढीच अडचण. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबांचे पवनारलाच निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी दिल्लीत एशियाड सुरू झाले आणि रंगीत टीव्ही घेण्याची हौस देशभर उसळली. आजच्या घरगुती चर्चेत कांचनमुक्तीचा उल्लेख घरातले वडीलधारे पुरुष करतात. तोही बातम्यांची वाहिनी पॅकमधून निघणार नाही, याची खात्री झाल्यावर.

1980 च्या दशकाच्या मध्यावर सरकारने रेडिओ आणि टीव्ही दोन्हींचे परवाना शुल्क काढून टाकले. दूरदर्शनवर 1976 पासूनच जाहिराती सुरू झाल्या होत्या. त्यांचे उत्पन्न आणि सरकारी तिजोरी यांवर पुढचा कारभार चालू लागला. विलायतेत मात्र ही पद्धत अजून चालू आहे. 2025 च्या एप्रिलपासून तिथे रंगीत टीव्हीचा वार्षिक परवाना 174.50 पौंडांना, म्हणजे ढोबळमानाने वीस हजार रुपयांना पडू लागला. काळ्या-पांढऱ्या संचाला तो स्वस्त आहे, आणि दृष्टिहीनांना अर्ध्या दरात मिळतो. अर्धा दर का, पूर्ण माफी का नाही, यावर विचार करण्यात चांगली संध्याकाळ जाऊ शकते.

परवाना गेल्यावर काही वर्षे टीव्ही खरोखर फुकट होता. ‘रामायण’ 1987-88 मध्ये आणि ‘महाभारत’ 1988 ते 1990 या काळात लोकांनी एक पैसाही न भरता पाहिले. मग केबल आली, तिच्या मागे डिश आली, 2017 पर्यंत खेड्यांतही सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि तपासनीस घराबाहेरून घराच्या आत आला. आता तो बॉक्समध्येच बसतो. त्याला चहा द्यावा लागत नाही, पण त्याला ज्वारीची कोठीही दाखवता येत नाही. मुदत संपली की पडद्यावर निळी पाटी येते, तिच्यावर ग्राहक क्रमांक असतो, आणि विषय संपतो.

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नवी दरपद्धती आणली. तिच्यात शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त 130 रुपये मूळ शुल्क होते. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे होत, आणि पैशाच्या वाहिन्यांचे त्याउपर वेगळे. पुढे त्याच शुल्कात दोनशे वाहिन्या आल्या आणि 2024 मध्ये 130 रुपयांची मर्यादाही उठली. मूळ विचार स्तुत्य होता: जे पाहायचे तेवढेच निवडा आणि तेवढ्याचेच भरा. त्यासाठी घरोघर वाहिन्यांच्या याद्या आल्या आणि खुणा करायला पेन शोधले गेले. तिथे एक गोष्ट उघडकीस आली, जी ट्रायच्या ध्यानात आली नसावी. घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याची वाहिनी फालतू वाटते. आजीच्या मते क्रिकेटवर पैसे घालणे पाप, नातवाच्या मते मालिकांवर. बातम्यांवर घालणे पाप आहे यावर बाबा सोडून सगळ्यांचे एकमत. कार्टूनच्या वाहिनीला कोणी हात लावला नाही, कारण तिच्याशिवाय धाकटी जेवत नाही. सर्वांचे समाधान करणारी यादी केबलवाल्याच्या तयार पॅकपेक्षा महाग झाली. शेवटी तयार पॅकच घेतला गेला, आणि ज्यात कधीही न पाहिलेल्या वाहिन्या पंचवीस-तीस आहेत तो पॅक आजतागायत चालू आहे.

मुख्य प्रश्न भरत राहण्याचा. त्याची प्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड असतो. मागचे झाकण केव्हाच गेलेले असते. पडदा निळा होतो.

“काहून बंद झाला रे? लाइन गेली का?” आजी विचारते.

“लाइन हाये. रिचार्ज संपला.”

“तं मार ना मंग.”

इथे अर्थखाते हिशेब मांडते. महिन्याला तीनशे धरले तर वर्षाचे 3,600, म्हणजे जुन्या पन्नास रुपयांच्या लायसनची 72 वर्षे. (हे गणित अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे मांडू नये.) शिवाय घरात चार मोबाईल आहेत आणि चौघांचे रिचार्ज वेगळे. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली तेव्हापासून पोराला टीव्ही लागत नाही. सून मालिका मोबाईलवरच पाहते, तीही दुपारी, कानात वायर घालून. म्हणजे टीव्ही उरला कोणासाठी? हिशेब इथपर्यंत निर्दोष असतो. मग आजी काहीच बोलत नाही. ती पदराने चष्मा पुसते, निळ्या पडद्याकडे बघत बसते आणि म्हणते, “राहू द्या बाप्पा, मी भजन करीन.” यानंतर रिचार्ज व्हायला सरासरी दोन मिनिटे लागतात, आणि फोन-पे चालले नाही तर चार.

फ्री डिश हा पर्याय या टप्प्यावर हटकून निघतो. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डिश आणि बॉक्स यांचे एकदाच काय ते पैसे, नंतर दरमहा काही नाही. सह्याद्री दिसते, डीडी किसान दिसते, बातम्या दिसतात. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा फ्री डिशवाल्यांनी पैसे भरणाऱ्यांकडे ज्या नजरेने पाहिले ती विसरण्यासारखी नाही. दोष एकच. खाजगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे त्या येतात आणि जातात. 2019 मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल यांसारख्या वाहिन्या निघून गेल्या, 2020 मध्ये परतल्या, 2022 मध्ये पुन्हा गेल्या. फुकट पाहणाऱ्याला तक्रार कोणाकडे करावी हे कळत नाही. पैसे भरणाऱ्याला ते कळते; त्याच्याकडे टोल फ्री क्रमांक असतो आणि तिथले संगीत असते.

डिश कोणतीही असो, वानरे भेदभाव करीत नाहीत. टोळी छपरावरून गेली की डिशचे तोंड आकाशातला उपग्रह सोडून सेलू रस्त्याकडे होते. मग एक जण वर चढतो आणि खालून ‘आला, आला, गेला!’ असा पुकारा सुरू होतो. पावसाळ्यात चित्र आपोआपच जाते, आणि भरलेल्या दिवसांपैकी ते दिवस कोणी वजा करून देत नाही.

शेतकरी घरांत रिचार्जचे वर्ष सोयाबीनच्या पैशापासून सुरू होते. पीक बरे आले तर दिवाळीत सहा महिन्यांचा पॅक, भाव पडला तर महिन्या-महिन्याचा. कापसावर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी चर्चा न होताच टीव्ही बंद राहतो. ज्याला खरोखर निर्णय म्हणता येईल असा तो एवढाच, आणि तेव्हा आजीही भजनाचे नाव काढत नाही.

एकूण पाहता, ज्या घरात मालिका पाहणारे वडीलधारे माणूस नाही तिथे पैसे भरण्याचे काही कारण दिसत नाही; फ्री डिश आणि मोबाईल पुरतात. जिथे असे माणूस आहे तिथे रिचार्ज मारावा आणि हिशेब मांडू नये. फक्त मुदत कोणत्या तारखेला संपते ते कालनिर्णयवर, दुधाचे खाडे मांडतात त्याच चौकटीत लिहून ठेवावे, आणि पैसे त्या दिवशी सकाळीच भरून टाकावेत.