आयर्विनच्या गोठ्यात

आयुष्यभर शेणामातीत राबलेल्या माणसाला आटपाडीहून विमानानं लीड्सला आणायचं आणि तिकीट काढून गाई दाखवायच्या, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. लीड्सच्या पूर्वेला टेम्पल न्यूसम नावाचं सार्वजनिक उद्यान आहे. त्यात मोठा वाडा, तळी, बागा आणि जुन्या जातींची जनावरं सांभाळणारं होम फार्म. उद्यानात फिरायला पैसे पडत नाहीत. वाड्याला आणि शेताला मात्र तिकीट. "दीड हजार एकर आहे नाना," नवऱ्यानं गाडीतच माझ्या सासऱ्यांना सांगून टाकलं. मागून प्रश्न आला, "त्यातलं बागायत किती?"

नवरा इतिहासावर उतरला. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा नवरा लॉर्ड डार्नली याच वाड्यात जन्मला. नाना खिडकीबाहेर बघत होते. वाड्याचा शेवटचा खासगी मालक एडवर्ड वुड. त्यानं १९२२ साली हे सगळं लीड्स महापालिकेला नाममात्र किमतीत देऊन टाकलं, आणि चारच वर्षांत तो व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात गेला, लॉर्ड आयर्विन या नावानं.

नाना ताठ झाले. "कोण? आपल्या पुलाचा आयर्विन?"

बाकीच्या देशाला आयर्विन म्हणजे गांधी-आयर्विन करार, १९३१, दोन मार्क. सांगली जिल्ह्याला आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. दर पावसाळ्यात सगळे त्यालाच विचारतात, किती झालं? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. वास्तविक पूल बांधला सांगली संस्थानानं. लाटसाहेबांनी १९२९ साली येऊन उद्घाटन केलं, एवढंच. नवऱ्यानं तेही सांगून पाहिलं. पण नानांचं ठरलं होतं. आपण आता ओळखीच्या घरी चाललो आहोत.

त्यामुळे तिकीट काढताना ते जरा नाराजच दिसले.

आत शिरताच मोठं कोठार, १६९४ सालचं. नवऱ्यानं हिशेब केला: तेव्हा राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. नानांनी भिंतीवर हात फिरवला. "आपली माणसं घोड्यावरनं उतरत न्हवती, अन् हे निवांत कोठारं बांधत हुते," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थोडा हेवा होता असं मला वाटलं. नवऱ्याच्या मते तो फक्त दमा होता.

मग गोठे. तिथे व्हेनॉल जातीची गुरं होती. मूळची उत्तर वेल्समधली, पांढरीशुभ्र, कान आणि नाक काळं. जगात अगदी मोजकीच उरली आहेत. लांबून पाहून नाना हरखले. आटपाडी खिल्लारांचं माहेर. पांढरं जनावर दिसलं की त्या माणसाचं काळीज हलतं. जवळ गेले आणि चेहरा पडला.

"वशिंड कुठं हाय?"

इथल्या गुरांना वशिंड नसतं, असं सांगितलं.

"मग जू कशावर ठेवत्यात?"

नांगर आता ट्रॅक्टर ओढतो, आणि त्याआधी घोडे ओढायचे, असं सांगितलं. घोड्यानं शेत नांगरायचं, हे नानांना साम्राज्यापेक्षाही मोठं पाप वाटलं असावं. ते काही बोललेच नाहीत.

शेजारी ग्लॉस्टर जातीची गाय होती. १७९६ साली जेन्नरनं देवीची लस दिली, ती याच जातीच्या ब्लॉसम नावाच्या गाईपासून लागण झालेल्या गवळणीच्या हातावरून. हे कळताच सासूबाईंनी डावा दंड चाचपला. लहानपणचा तो गोल वण अजून आहे. त्यांनी तिथेच गाईला हात जोडले. मागची इंग्रज पोरं फोटो काढायला लागली.

इतक्यात शेतावरचा एक तरुण कामगार आला. नानांनी खुणेनं विचारलं, बैलाचे दात बघू का? त्यानं घाईघाईनं मान हलवली, नको. नानांनी मग खांद्यावरचा टॉवेल आपल्या हातावर टाकला आणि हात त्याच्यापुढे केला. आमच्याकडच्या बाजारात भाव असाच ठरतो: टॉवेलाखाली बोटं धरायची, शेजारच्याला आकडा कळू द्यायचा नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, पाहुणे निरोप घेताहेत. त्यानं टॉवेलाखाली हात घालून नानांची पाचही बोटं धरली आणि मनापासून हलवली.

"पाच मागतोय," नाना माझ्या कानात म्हणाले. "हजार का लाख, तेवढं इचार."

बागेत आल्यावर सूत्रं सासूबाईंकडे गेली. मे अखेरीस इथे ऱ्होडोडेंड्रॉन असे फुलतात की पान दिसत नाही. सासूबाईंना फुलांचं कौतुक जेमतेम मिनिटभर. "फांदी लागते का गं याची?" हा त्यांचा प्रश्न ऐकला आणि मी त्यांची पर्स माझ्याकडे घेतली. बंदिस्त बागेत माळी होता, म्हणून ती बाग तशी निभावली.

तळ्याकाठी डबा उघडला. समोरची हिरवीगार उतरण १७६०च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन नावाच्या माणसानं आखलेली. निसर्ग नैसर्गिक दिसावा म्हणून पैसे घेऊन तो मांडून देणं, हा त्याचा व्यवसाय. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं खालचा कोळसा काढायला त्यातलं बरंचसं उकरलं, पार वाड्याच्या जवळपर्यंत. नंतर पुन्हा माती भरली, गवत लावलं. थोडक्यात, आम्ही ज्याच्यासमोर थालीपीठ खात होतो त्यातला बराचसा निसर्ग दुसऱ्या हाताचा होता. तरी सुंदर होता. आमच्याकडच्या खाणमालकांना सहलीला आणायला हरकत नाही.

रात्री नानांनी आटपाडीला फोन लावला. गाई, कोठार, फुलं, सगळं दोन वाक्यांत उरकलं.

"आयर्विनच्या घरी जाऊन आलो. माणूस बरा हुता. पर पाण्याची जमीन अन् इकली बघ, त्येबी फुकटात!"